दारातल्या एकाच पाटीचं प्रकरण

१

पाण्याच्या प्रयोगशाळेतून नमुन्याची बाटली चोरीला गेली असती, तर निदान फळीवर मोकळी जागा तरी दिसली असती. इथे बाटली जागच्या जागी होती, तिच्यावरची चिठ्ठी शाबूत होती, आणि कपाटाला कुलूपही होतं. नाहीसा झाला होता तो निकाल.

टेकडीवरच्या नव्या टाकीचं पाणी नापास झालं होतं. मंगळवारी निकाल संगणकात नोंदवला गेला. बुधवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी कुणीतरी तो रद्द केला. गुरुवारी टाकीची फीत कापली गेली, आणि रविवारपर्यंत टाकीखालच्या वस्तीतली साठ माणसं पोट धरून दवाखान्याच्या बाकांवर बसली. सोमवारी टाकी बंद करण्यात आली आणि चौकशी उघडण्यात आली.

चौकशीला पाच मिनिटं पुरली, कारण संगणकाने उत्तर तयारच ठेवलं होतं. रद्द करण्याचं कारण: ‘नमुना घेताना बाटली दूषित झाल्यामुळे.’ रद्द करणारी व्यक्ती: मुख्य रसायनतज्ज्ञ.

मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणजे ज्यांना सगळी प्रयोगशाळा ताई म्हणत असे त्या. वय त्रेपन्न, नोकरी एकोणतीस वर्षं, चेहरा कायम नापास निकालासारखा. त्यांना सोमवारी निलंबित केलं आणि मंगळवारी समजुतीचा सल्ला देण्यात आला: ‘अनवधानाने झालं’ असं लिहून द्या, स्वेच्छेने निवृत्त व्हा, पेन्शन वाचेल. नाहीतर शुक्रवारी तीन वाजता सुनावणी आणि साडेतीनला बडतर्फी. ताईंनी एका ओळीत लेखी उत्तर दिलं: ‘मी रद्द केलेला नाही, तेव्हा स्वेच्छा कशाची आणि माफी कशाची, ते कळवावे.’

आता फक्त एक कागद कमी होता. संगणकप्रणाली ज्या कंपनीने बांधली, तिने ‘प्रणालीत दोष नाही’ असं प्रमाणपत्र द्यायचं होतं. त्यासाठी कंपनीच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, गुरुवारी सकाळी आपली एक प्रोग्रामर पाठवली.

‘‘तासाभराचं काम आहे,’’ सर म्हणाले. ‘‘नोंदवही बघायची, सही करायची, यायचं.’’

प्रोग्रामरने बरं म्हटलं. ताई तिची सख्खी नणंद होती, हे तिने सांगितलं नाही. सरांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

२

नणंद-भावजयींचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण अगदी व्यवसायातलं होतं. भावाच्या नव्या घराच्या पहिल्या जेवणाला ताई आल्या, जेवल्या, आणि जाताना स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेल्या. चार दिवसांनी टपालाने अहवाल आला: पिण्यास अयोग्य. भावाने फोन करून विनवलं, की अगं, सोसायटीत नाचक्की होईल, जरा सौम्य लिही. ताईंनी दुसरी प्रत सोसायटीच्या अध्यक्षांना पाठवली. गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं. पाहुण्यांनी तेच पाणी प्यायलं होतं, हे प्रोग्रामर विसरू शकली नाही.

गुरुवारी दहा वाजता तिने ताईंच्या दाराची घंटा वाजवली.

‘‘सांत्वनाला आलीस की कामाला?’’ ताईंनी दार अर्धं उघडून विचारलं.

‘‘कामाला. तुमच्या विरुद्ध प्रमाणपत्र द्यायला.’’

‘‘मग आत ये. सांत्वनवाले काल येऊन गेले. पाणी देऊ? उकळलेलं आहे.’’

प्रोग्रामर बसली. समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि शुक्रवारच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘तीन वाजता, यांची सुनावणी’ असं लिहिलं होतं. ‘माझी’ नव्हे, ‘यांची’.

‘‘ताई, पासवर्ड कुणाला सांगितला होता?’’

‘‘माझ्या आईला सांगितला नसता.’’

‘‘त्या बुधवारी अकरा बेचाळीसला कुठे होतात?’’

‘‘आतल्या खोलीत, उबवणपेटीसमोर. दोन्ही हातांत हातमोजे.’’

‘‘बरोबर कोण होतं?’’

‘‘चाळीस काचेच्या बशा आणि त्यांतले जिवाणू. साक्षीला येतील असं वाटत नाही.’’

‘‘आणि तुमचा संगणक?’’

‘‘भिंतीवरचा मोठा पडदा. रोज आठ वाजता मी माझ्या नावाने उघडते, पाचला बंद करते. सगळ्या नमुन्यांची यादी दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. उद्या कुणी म्हणायला नको, की मला ठाऊक नव्हतं.’’

‘‘म्हणजे कुणीही पुढे होऊन बटण दाबू शकतं.’’

‘‘कशाने, नाकाने? पडदा सात फूट उंचावर आहे. कीबोर्ड आणि माउस माझ्या खणात, आणि खणाची किल्ली ही.’’ ताईंनी गळ्यातली दोरी वर ओढून दाखवली.

प्रोग्रामरने कपाळाला हात लावला. ‘‘ताई, म्हणजे ते फक्त तुम्हालाच करता आलं असतं. तुम्ही माझ्या प्रमाणपत्राचा मजकूर सांगताय.’’

‘‘मी घडलं ते सांगतेय. मजकूर तुझा तू जमव.’’

‘‘माफी लिहून दिली तर पेन्शन वाचेल, असं म्हणतात.’’

‘‘साठ आजारी माणसं माझ्या नावावर लिहिली आहेत,’’ ताई म्हणाल्या. ‘‘ती पेन्शनबरोबर घरी आणू? कुठे ठेवू, फ्रिजमध्ये?’’

सख्ख्या भावासाठी अहवाल सौम्य न करणारी बाई टाकीच्या फितीसाठी निकाल रद्द करेल, हे प्रोग्रामरला पटत नव्हतं. पण पटणं हा पुरावा नव्हे. शिवाय प्रणालीचा एक नियम तिने स्वतः लिहिला होता, आणि तो आठवल्यावर प्रकरण आणखीच अवघड झालं: एका नावाने एका वेळी एकाच ठिकाणी प्रवेश. दुसरीकडे कुणी त्याच नावाने शिरलं, की पहिला पडदा तत्काळ कोरा होतो.

पडदा त्या दिवशी कोरा झाला होता का? हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो ताईंचं नाव काढलं की तोंड वाकडं करत असे.

३

नमुन्यांची नोंद करणाऱ्या कारकुनाला सगळे आवकजावक म्हणत. त्याचं टेबल पडद्याच्या बरोबर समोर होतं.

‘‘त्या बुधवारी पडदा कोरा झाला होता?’’ प्रोग्रामरने विचारलं.

‘‘एकदाही नाही. मी दिवसभर बघतच असतो. दुसरं बघायला आहे काय इथे?’’

‘‘ताई स्टुलावर चढून कीबोर्ड लावताना दिसल्या?’’

‘‘दिसल्या असत्या तर मी तिकीट लावलं असतं.’’

प्रोग्रामरने वहीत लिहिलं: पडदा चालूच. म्हणजे पासवर्ड चोरून दुसऱ्या टेबलावरून कुणी शिरलेलं नाही. पडद्यावरूनही कुणी टाइप केलेलं नाही. पण ताईंच्या नावाने काम मात्र झालं आहे. चारी बाजूंनी बंद खोली, आणि आत नोंद.

‘‘तुमचं ताईंशी वाकडं का?’’

आवकजावक हा प्रश्न चार महिने उराशी धरून बसला होता. ‘‘बाई, मी दिवसाला तीस नमुने नोंदवतो. महिन्याच्या शेवटी यादी निघते, तर त्यांतले सात-आठ रोज त्यांच्या नावावर. काम माझं, नाव त्यांचं. मी तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, मी तुझ्या नमुन्यांना हात लावत नाही. मग काय नमुने आपोआप जातात?’’

‘‘कुठले सात-आठ?’’

‘‘फोटो जोडलेले. गढूळ पाणी, फुटकी पाइपलाइन असले. बाकीचे बरोबर माझ्या नावावर.’’ त्याने खणातून एक कागद काढला. ‘‘तुमच्या कंपनीला तक्रारही केली. हे उत्तर.’’

उत्तर एका ओळीचं होतं: ‘वापरकर्त्याचा गैरसमज. तक्रार बंद.’ खाली सरांची सही. ही तक्रार प्रोग्रामरने जन्मात पाहिली नव्हती.

शेजारच्या टेबलावर ज्युनियर बसला होता. त्याचं वय त्रेचाळीस, टक्कल पूर्ण, आणि चौदा वर्षं तो ज्युनियरच होता. ताई गेल्या की पद त्याचं, त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या बोटांचा रोख त्याच्याकडे होता.

‘‘मी कट केला म्हणतात,’’ तो खिन्नपणे म्हणाला. ‘‘कट करणारा माणूस चौदा वर्षं वाट बघतो का, तुम्हीच सांगा.’’

‘‘तुमच्याही नोंदी ताईंच्या नावावर गेल्या?’’

‘‘नोंदी नाही. माझी पितृत्व रजा गेली.’’

‘‘काय गेलं?’’

‘‘मुलगी झाली तेव्हा मी अर्ज भरला, दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडलं, आणि तो साहेबांकडे पोचला ताईंच्या नावाने. बावन्न वर्षांच्या बाईंनी पितृत्व रजा मागितली म्हणून तीन मजले हसत होते. ताईंनी त्यावर शेरा मारला, ‘मला लागू नाही’, आणि परत पाठवला. मला वाटलं, कुणीतरी माझी थट्टा केली.’’

‘‘हे कधीचं?’’

‘‘साडेतीन महिने झाले. मुलगी आता पालथी पडते.’’

प्रोग्रामर वही मिटत होती तेवढ्यात आवकजावकने मागून टोमणा मारला. ‘‘ताईंचं एक सोडा. सोमवारपासून पडदा हा उघडतो, ह्याच्या नावाने. आणि सोमवारपासून माझे फोटोवाले नमुने ह्याच्या नावावर जायला लागलेत. त्या खुर्चीतच खोट आहे, बाई.’’

वही मिटायची राहिली. खोट ताईंमध्ये नव्हती. पण खुर्चीतही नव्हती.

४

टाकीचं काम उपअभियंत्याकडे होतं. त्याच्या खोलीत टाकीचं थर्माकोलचं प्रारूप होतं, फीत कापतानाचा फोटो होता, आणि तो स्वतः होता: गोड, मऊ, दुसऱ्याच्या दुःखाने लवकर द्रवणारा.

‘‘फार वाईट वाटतं हो,’’ तो म्हणाला. ‘‘एकोणतीस वर्षं. पण संगणक काही खोटं बोलत नाही.’’

‘‘निकाल रद्द करण्याचा अधिकार कुणाकुणाला आहे?’’

‘‘तिघांना. ताई, मी आणि मोठे साहेब. साहेब म्हणजे आमच्या संगणकाला शिवतसुद्धा नाहीत. त्यांचा पासवर्ड दोन वर्षं त्यांच्या खणात बंद लिफाफ्यात आहे, मोहोर लावून. दैवतासारखा.’’

‘‘त्या बुधवारी सकाळी तुम्ही कुठे होतात?’’

‘‘इथेच. उद्घाटनाची निमंत्रणं तपासत होतो.’’

‘‘निकाल तुम्ही रद्द केला का?’’

‘‘बाई, नोंद बघा ना,’’ तो हसून म्हणाला. ‘‘नोंद समोर असताना माणसांना कशाला विचारायचं?’’

तिने आभार मानले आणि बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली. त्याने ‘नाही’ असं म्हटलं नव्हतं.

गेल्या चार महिन्यांत प्रणालीत काय बदललं, ते ती बघू लागली. बदल एकच मोठा होता, आणि तो सरांनी स्वतःच्या हाताने केला होता. त्याबद्दल त्यांना कंपनीच्या वार्षिक समारंभात मानचिन्ह मिळालं होतं. ‘‘चारशे ओळींचा कोड चाळीस ओळींत,’’ असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती.

तिने त्या चाळीस ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. मग फोन लावला.

‘‘सर, दारावरच्या पहारेकऱ्याचा कोड तुम्ही बदललात. मिडलवेअर.’’

‘‘सुधारला,’’ सर म्हणाले. ‘‘आधी तो आलेल्या प्रत्येक विनंतीला ओळखीची चिठ्ठी टाचायचा आणि ती चिठ्ठी पाच हातांतून फिरत आत जायची. गावंढळ काम. आता तो ओळख तपासतो आणि नाव एका जागी लिहून ठेवतो. ज्याला हवं त्याने तिथे बघावं.’’

‘‘एकाच जागी.’’

‘‘एकाच. तेच तर सौंदर्य आहे.’’

‘‘तपासून कुणी पाहिलं?’’

‘‘मी. वीसदा. वीसही वेळा नाव बरोबर आलं.’’

‘‘तुम्ही एकटे होतात.’’

‘‘अर्थात एकटा. गर्दीत कुणी काम करतं का?’’

‘‘मी प्रमाणपत्रावर सही करणार नाही, सर.’’

पलीकडून थंड आवाज आला. ‘‘सही नसेल तर उद्यापासून कामावर येऊ नकोस.’’

‘‘उद्या तसंही जमणार नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘तीन वाजता सुनावणी आहे.’’

५

सुनावणी पडद्याच्या खोलीतच ठेवावी, अशी विनंती तिने केली. मोठ्या साहेबांना कारण कळलं नाही, पण त्यांच्या खोलीतला पंखा बिघडला होता म्हणून त्यांनी मान्य केलं. साहेब मध्ये, उजवीकडे उपअभियंता, डावीकडे निकाल टाइप करायला टंकलेखिका, समोर हाताची घडी घातलेल्या ताई. आवकजावक आणि ज्युनियर आपापल्या टेबलांवर काम असल्यासारखे. भिंतीवर पडदा, ज्युनियरच्या नावाने उघडलेला.

‘‘प्रमाणपत्र द्या,’’ साहेब म्हणाले.

‘‘त्याआधी साहेबांनी एक नमुना नोंदवावा. खोटा. फोटो जोडून.’’

‘‘मी?’’

‘‘दुसऱ्या कुणी केला तर उद्या म्हणतील, की भावजयीने नणंदेसाठी हातचलाखी केली.’’

उपअभियंत्याने मान वर केली. साहेब ताईंकडे बघू लागले.

‘‘नणंद?’’

‘‘हो,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आमचं बोलणं नाही. निश्चिंत राहा.’’

साहेबांनी लिफाफा मागवला. मोहोर सगळ्यांनी पाहिली, लाखेचे तुकडे टेबलावर पडले, आत दोन वर्षांपूर्वीचा पासवर्ड पिवळ्या कागदावर शांत झोपला होता. साहेबांनी शेजारच्या टेबलावरच्या संगणकात एका बोटाने तो भरला. नमुन्याच्या नावात ‘चाचणी’ लिहिलं, दुपारीच काढलेला बंद पंख्याचा फोटो जोडला आणि बटण दाबलं.

‘‘मोजा,’’ प्रोग्रामर म्हणाली.

आवकजावकने मोठ्याने मोजलं. सातव्या अंकाला नोंद पडद्यावर आली. नमुना: चाचणी. नोंदवणारी व्यक्ती: ज्युनियर.

ज्युनियरने दोन्ही हात वर केले. ‘‘मी काहीच केलं नाही, साहेब.’’

‘‘मी बघत होतो,’’ साहेब म्हणाले, आणि स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. ‘‘हे मी केलं.’’

‘‘पुन्हा करा.’’

साहेबांनी पुन्हा केलं. पुन्हा ज्युनियर. तिसऱ्यांदा त्यांनी कुणी न सांगताच केलं.

‘‘असं समजा,’’ प्रोग्रामर म्हणाली, ‘‘की दारात पहारेकरी आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाची ओळख तो नीट तपासतो. त्यात चूक नाही. पूर्वी तो ओळखीची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या कागदालाच टाचून द्यायचा. आता त्याच्या शेजारी एकच पाटी आहे. तो तिच्यावर नाव लिहितो. पुढचा आला, की पुसून त्याचं लिहितो. आतल्या खिडकीवरचा कारकून काम संपवतो आणि ‘कुणी केलं’ हे लिहायला पाटीकडे बघतो. काम झटपट संपलं, तर पाटीवर नाव तेच असतं. पण फोटो असले, की कारकुनाला सात सेकंद लागतात. आणि हा पडदा दर पाच सेकंदांनी दारात येऊन विचारतो, यादीत नवीन काय.’’

साहेबांनी पडद्यावरच्या तिन्ही नोंदी पुन्हा वाचल्या.

‘‘म्हणून उशीर लागणारं जे काम, ते पडद्यावाल्याच्या नावावर पडतं. चार महिने ताईंच्या. सोमवारपासून ज्युनियरच्या. जो माणूस दिवसभर सगळ्यांसाठी पडदा उघडा ठेवतो, त्याच्या.’’

‘‘आणि निकाल रद्द करायला किती वेळ लागतो?’’ ताईंनी विचारलं. त्या दिवसातलं भावजयीशी त्यांचं हे पहिलं वाक्य होतं.

‘‘रद्द करताना सगळ्या फोटोंची प्रत आधी जुन्या दप्तरात जाते. आठ ते नऊ सेकंद.’’

उपअभियंत्याने पाणी प्यायलं. ‘‘मग प्रश्नच मिटला,’’ तो मायेने म्हणाला. ‘‘ताई निर्दोष. आणि खरं कोण, ते कधीच कळणार नाही. इमारतीत चाळीस माणसं आहेत.’’

‘‘चाळीस होती,’’ प्रोग्रामर म्हणाली. ‘‘आता एकच उरलंय.’’

६

‘‘खिडकीवरचा कारकून पाटीकडे दोनदा बघतो,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटी नाव लिहायला. आणि त्याआधी, अगदी सुरुवातीला, ह्या माणसाला रद्द करायचा अधिकार आहे का, ते बघायला. ती पहिली नजर पहारेकऱ्याने नाव लिहिल्या लिहिल्या जाते, त्याच श्वासात. मध्ये दुसऱ्या कुणाला दारात यायला फटच नसते. म्हणजे त्या वेळी पाटीवर खऱ्याचंच नाव असतं. आणि ते नाव बघून कारकुनाने दार उघडलं.’’

‘‘अधिकार तिघांना,’’ साहेब सावकाश म्हणाले.

‘‘ज्युनियरला नाही. आवकजावकांना नाही. त्यांनी बटण दाबलं असतं तर कारकुनाने तिथूनच परत पाठवलं असतं. उरले तिघे. ताईंच्या नावाने दुसरीकडून कुणी शिरलं असतं, तर हा पडदा कोरा झाला असता. तो झाला नाही, हे आवकजावकांनी दिवसभर बघितलं, आणि त्यांना ताईंबद्दल काही प्रेम नाही.’’

‘‘नव्हतं,’’ आवकजावक पुटपुटला.

‘‘पडद्यावरून करायचं तर कारणाचे पाच शब्द टाइप करायला कीबोर्ड लागतो. तो लावताना ह्या खोलीत कुणी पाहिलं नाही. ताई गेल्या. दुसरे, मोठे साहेब. त्यांच्या लिफाफ्याची मोहोर आत्ता आपल्यासमोर फुटली.’’

लाखेचे तुकडे अजून टेबलावरच होते. सगळ्यांनी ते पाहिले आणि मग, जराशा उशिराने, सगळ्यांनी उपअभियंत्याकडे पाहिलं.

‘‘काल मी तुम्हाला सरळ विचारलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही म्हणालात, नोंद बघा.’’

उपअभियंता पहिल्यांदाच हसला नाही. ‘‘मी लपूनछपून काही केलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या टेबलावरून, माझ्या नावाने रद्द केला. मला वाटलं, बाटलीच दूषित असेल. निमंत्रणं गेली होती. उद्या फेरनमुना घेऊ म्हटलं. संध्याकाळी नोंद उघडली तर तिथे ह्यांचं नाव.’’

‘‘आणि?’’ ताईंनी विचारलं.

‘‘आणि काय. मी काही ते लिहिलं नव्हतं.’’

‘‘खोडलंही नाहीत.’’

‘‘मला वाटलं, तुम्हीही रद्द केला असेल.’’

‘‘रविवारपर्यंत साठ माणसं आजारी पडली. तेव्हा काय वाटलं?’’

यंत्राने त्याला आयतं दान दिलं होतं, आणि त्याने ते कुणाला न विचारता खिशात घातलं होतं.

साहेबांनी घसा साफ केला. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त प्रकरणं सपाट आवडत. त्यांनी टंकलेखिकेला मजकूर सांगायला घेतला. ‘‘लिहा. तांत्रिक कारणास्तव उद्भवलेल्या गैरसमजामुळे मुख्य रसायनतज्ज्ञांवरील कारवाई मागे घेण्यात येत असून...’’

‘‘नको,’’ ताई म्हणाल्या.

‘‘काय नको?’’

‘‘ती कारवाई मागे घेणं. ह्या शब्दांत नको.’’

‘‘अहो ताई, तुम्ही सुटलात.’’

‘‘मी अडकले कधी होते, साहेब? पाण्यात जिवाणू होते. ते मी लिहिलं. ते पुसलं गेलं. कुणी पुसलं ते आज कळलं. ‘तांत्रिक कारण’ कुठल्या नळातून आलं? साठ माणसांच्या घरी हा कागद जाणार. त्यांनी काय समजायचं, की पाणी तांत्रिक होतं?’’

‘‘माणूस आयुष्यातून उठेल, ताई,’’ साहेब हळू आवाजात म्हणाले. ‘‘तुमची नोकरी राहिली, पेन्शन राहिली. सोडून द्या.’’

‘‘सोमवारी माझ्याबद्दल लिहिताना तुम्हाला आयुष्य आठवलं नव्हतं. नाव, पद, सेवेची वर्षं, सगळं ठळक टाइपात होतं. मी त्या कागदाला चौकट करणार आहे.’’ त्यांनी हाताची घडी आणखी घट्ट केली. ‘‘जे घडलं ते लिहा. तोवर मी इथून उठत नाही.’’

‘‘पाच वाजता कचेरी बंद होते.’’

‘‘मला घाई नाही. निवृत्त व्हायला पाच वर्षं आहेत.’’

टंकलेखिकेची बोटं हवेत थांबली होती. प्रोग्रामरचा फोन वाजला. फोनवर सरांचं नाव होतं. तिने घेतला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

‘‘सही केलीस का?’’ सरांनी विचारलं.

‘‘केली. पण तुम्ही लिहून दिलेल्या कागदावर नाही. दोष काय, कधी आला, कुणी आणला, आणि आवकजावकांची तक्रार कुणी बंद केली, ते लिहिलंय. आणि चार महिन्यांतल्या फोटोवाल्या सगळ्या नोंदींवरचं नाव पुन्हा तपासावं लागेल, हेही.’’

‘‘तुला कळतंय का, तू काय करतेयस? उद्या कुठलीही कंपनी तुला दारात उभं करणार नाही.’’

‘‘दारात काय करायचं असतं ते मला येतं, सर,’’ ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मग ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. ताईंच्या बाकावर त्यांची पिशवी ठेवलेली होती.

‘‘सरका जरा,’’ ती म्हणाली.

ताईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकल्या. दोघी शेजारी शेजारी बसल्या, एकमेकींकडे न बघता, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारख्या.

साडेतीन वाजले. पावणेचार. आवकजावक आपली खुर्ची ओढत आला आणि बाकाच्या टोकाशी बसला. ज्युनियर थोडा वेळ एकटाच टेबलावर राहिला, मग त्याने पडदा तसाच चालू ठेवला, आणि तोही आला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, लाखेचे तुकडे बोटाने एकत्र केले, पुन्हा पसरले. उपअभियंता आपल्या रिकाम्या पेल्याच्या तळाशी काहीतरी शोधत होता.

‘‘कागद बदला,’’ साहेब शेवटी म्हणाले.

टंकलेखिकेने नवा कागद लावला. ‘‘सुरुवात काय करू, साहेब? नेहमीसारखी, ‘असे निदर्शनास आले आहे की’?’’

साहेबांनी समोरच्या बाकाकडे पाहिलं. चौघंही त्यांच्याकडेच बघत होते.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘निकाल रद्द केला, इथून सुरू करा. आणि कुणी, ते आधी. नुसतं पद नको. पूर्ण नाव घाला.’’